धरण्यातला घरचा भात

वनहक्काच्या दाव्यांसाठी आम्ही चंद्रपूरला धरणं धरलं, तेव्हा जेवणाचं काम माझ्याकडे होतं. एका पक्षाने मसालेभाताची पाकिटं पाठवतो म्हटल्यावर मी यादीत टिक केली आणि पुढच्या कामाला लागले.

दुपारी टेम्पो आला. पक्षाचा दुपट्टा घातलेला कार्यकर्ता पाकिटं वाटू लागला. पहिल्याच रांगेतल्या एका बाईंनी त्याचा हात हलकेच बाजूला केला आणि आपलं फडकं सोडलं. आत घरचा भात होता. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

"काऊन बाई, आमचा भात कडू लागते का?"

"गोडच असन, भाऊ. पण खाल्ला त उद्या हे धरणं तुमचं होते. मंग दुसरा पक्षवाला आमच्या जंगलाचा कागद अडवून ठेवते."

मागच्या बायांनीही आपापली फडकी सोडली. कुठल्याच पक्षाचं खायचं नाही, असं त्यांच्या ग्रामसभेत ठरलं होतं. मी मात्र कुणालाच विचारलं नव्हतं. मी टेम्पो परत पाठवला.

टेम्पो गेला, तरी कार्यकर्ता उन्हात उभाच होता. बाईंनी अर्धा भात पळसाच्या पानावर काढला.

"सकाळपासून उपाशी दिसून राह्यले. बसा. दुपट्टा तेवढा काढा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं, दुपट्ट्याची घडी करून खिशात घातली आणि मांडी घालून बसला.