ओटरबेकचं बोट

ओटरबेकचं नाव काढलं तरी दयानंद लांजेकरच्या मस्तकात तिडीक जायची. तो मरून शंभरावर वर्षं उलटली होती, पण आखातातल्या रुवी शहरामागच्या पंपांच्या वर्कशॉपमध्ये त्याची तसबीर होतीच: गालभर मिशा, बटबटीत डोळे. कंपनी जर्मन आणि हा तिचा मूळ पुरुष. कामावर लागणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याच्या चरित्राची हिंदी पुस्तिका पडायची. लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी भट्टीवर, चाळिशीत तीन कारखान्यांचा धनी. कामगारांना घरं बांधून दिली म्हणे. संप केला त्यांना त्याच घरांतून बाहेर काढलं, हेही अभिमानाने छापलेलं. असल्या देवमाणसापासून देवच वाचवो, असं दयानंद म्हणायचा.

पण खरी आग बोटाची होती. चार वर्षांपूर्वी खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे त्याने पत्रा दाबायचा प्रेस धुऊनपुसून काढला, हळदकुंकू लावलं. त्यासाठी हात आत जाऊ नये म्हणून असलेली पुढची लोखंडी जाळी उतरवली होती. ती परत बसवायला अर्धा तास लागणार होता. फोरमन एकनाथ राजापूरचा, म्हणजे शेजारच्याच तालुक्यातला, पण त्याला माल रवाना करायची घाई. "यल्ला, चल आटप, जाळी उद्या बसव," म्हणाला. दहा मिनिटांत दयानंदच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. अहवालात एकनाथने लिहिलं, कामगाराने पूजेसाठी जाळी स्वतःच काढली. हे अर्धं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबायचं. अठ्ठावीस वर्षं इथे राबलेला कारागीर कागदावर निष्काळजी ठरला. हा शेरा पुसा म्हणून त्याने तीनदा विनवलं. लिहिलेला कागद बदलत नसतो, असं एकनाथने तिन्ही वेळा ऐकवलं. आता महिन्याभरात तोच शेरा कपाळी घेऊन दयानंद कायमचा गावी निघणार होता.

त्याआधी कंपनीचा स्थापना दिन आला. त्या दिवशी सर्वांत जुन्या कामगाराने मालकाचं चरित्र मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी पुस्तिका मांडीवर उघडून त्याच्याबरोबर ओळी धरायच्या, अशी इथली पद्धत. जर्मनीहून आलेला, थोडंफार हिंदी कळणारा बडा साहेब पुढच्या खुर्चीत आपल्या भाषेतली प्रत घेऊन बसला होता.

दयानंद एका सुरात वाचत गेला. लोहारकाम झालं, कारखाने झाले. मग ते पान आलं. घाईच्या कामासाठी ओटरबेकने जाळी काढून प्रेस चालवला आणि स्वतःचंच बोट गमावलं. त्याखालची ओळ दयानंदला चार वर्षं तोंडपाठ होती: 'जाळीशिवाय यंत्र चालवायला लावतो तोच दोषी, मग तो मी मालक का असेना.' म्हाताऱ्याने आयुष्यात एवढीच एक गोष्ट धड केली होती.

दयानंद थांबला. चार बोटांच्या हाताने त्याने माइक एकनाथपुढे धरला.

"एकनाथराव, पुढची ओळ तुम्ही वाचा."

एकनाथने घसा खाकरला आणि ती ओळ गाळून खालचा परिच्छेद वाचायला घेतला. साठ माणसं मान खाली घालून तीच ओळ बघत होती. बड्या साहेबाने आपल्या पानावर बोट ठेवलं, एकनाथला थांबवलं आणि सुटलेली ओळ आधी वाचायला सांगितली.