खाणीच्या नावावर अकरा नोंदी

भूकंपमापन केंद्रातल्या नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाला सगळे सेकंदराव म्हणत. बायको तर म्हणायची, "यांना चहाला किती वेळ लागेल ते सांगायची सोय नाही, लगेच घड्याळ काढून बसतात." बावीस वर्षं एकच काम. रोज सकाळी फिरत्या नळकांड्यावर कोरा कागद चढवायचा, शाईची लेखणी टेकवायची आणि कालच्या कागदावरच्या रेघा भिंगातून वाचायच्या. कुठे जमीन हलली की आधी वेगवान लाट येऊन पोचते, मागून संथ पण जास्त जोराची. दोन्हींमधले सेकंद आठाने गुणले की धक्का किती किलोमीटरवर झाला ते साधारण कळतं. सेकंदराव हे तोंडी करत आणि स्वतःवरच खूश होत.

चोवीस किलोमीटरवर दगडाची खाण होती. तिथल्या सुरुंगांनीही लेखणी हलायची. तीन सेकंदांचं अंतर दिसलं की सेकंदराव समासात 'ख' लिहून मोकळे होत. 'ख'ची नोंद वरच्या कार्यालयाकडे जात नसे. खरं तर लेखणीचा पहिला झटका वर की खाली, तेही बघायचं असतं. सुरुंग जमिनीला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणून लेखणी आधी वर जाते. भूकंप एका बाजूला ढकलतो, दुसऱ्या बाजूला ओढतो, आणि ओढ आपल्या बाजूला आली तर लेखणी आधी खाली येते. पण रोज येणाऱ्या पाहुण्याला कोण ओळखपत्र मागतो? सेकंदरावांनी बघणं कधी सोडलं, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी खाणीचं महिन्याचं पत्रक आलं. किती वाजता किती सुरुंग उडवले, याची यादी असायची त्यात. या वेळी एकच ओळ होती. तपासणी चालू असल्याने गेले एकोणीस दिवस एकही सुरुंग उडवलेला नाही.

सेकंदरावांनी ती तीनदा वाचली. मग नोंदवही उघडली. त्याच एकोणीस दिवसांत त्यांच्या सुबक अक्षरातले अकरा 'ख' होते.

त्यांनी जुने कागद टेबलावर पसरले आणि भिंग लावलं. पहिल्या 'ख'चा झटका खाली. दुसरा खाली. तिसरा पुसट होता, चौथा पुन्हा खाली. पुढचे न बघताच ते उठले.

खाणीच्या अलीकडेच त्यांची धाकटी बहीण राहायची, दगडमातीच्या जुन्या घरांच्या गल्लीत. दहा दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. भांडी वाजतात, सगळे घाबरून मैदानात झोपतात म्हणाली. "अगं, खाण आहे ती," सेकंदराव हसले होते. "पण दादा, आवाज येत नाही रे सुरुंगाचा." त्यावर यांचं उत्तर तयार, "वारा उलटा असेल. जा, आत झोप."

त्यांनी आधी साहेबांना गाठलं. "साहेब, अकरा भूकंप मी खाणीच्या नावावर टाकले."

साहेब वयाने लहान होते, ओरडले नाहीत. त्यामुळेच सेकंदरावांना जास्त लाज वाटली. "असे बारीक धक्के बहुतेक वेळा आपोआप थांबतात," साहेब म्हणाले. "कधी कधी मागून मोठा येतो. मी वर कळवतो. तुम्ही आधी बहिणीला फोन लावा."

"दादा? आज भरदुपारी कसा काय?"

"सगळ्यांना घेऊन घराबाहेर पड. ती खाण नव्हती."

"नव्हती म्हणजे? छाती ठोकून सांगितलंस ना? माझा भाऊ भूकंप केंद्रातच कामाला आहे असं सांगून मी अख्ख्या गल्लीला आत झोपायला लावलं!"

"चुकलं माझं. आधी बाहेर पड गं!"

तिने फोन बंद केला नाही. दारं ठोठावल्याचे आवाज आले, तिच्या हाका आल्या, सासूबाईंची कुरकुर आली. सेकंदराव कानाला फोन दाबून उभे होते. मग एकाएकी पत्रे खडखडले, कोणीतरी किंचाळलं, काहीतरी कोसळलं. इथे लेखणी अजून सरळ रेघ ओढत होती. एक, दोन, तीन, चार. लेखणी खाली गेली. आणखी तीन सेकंदांनी ती कागदभर थैमान घालू लागली.

"अगं बोल! बोल ना!"

बराच वेळ नुसता कल्ला. मग खोकत ती बोलली. "आहे मी. सगळे बाहेर आहेत. मागची भिंत पडली, सासूबाईंच्या खाटेवरच." तिला दम लागला होता. "दादा, याहून मोठा येणार आहे का?"

"माहीत नाही गं. कुणालाच माहीत नसतं."

"मग तेव्हाही एवढंच सांगायचं होतंस," ती म्हणाली.