अकरावं प्रकरण, उसाच्या वाटेवर

मंगळवारी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी नीलम शितोळे न्हावऱ्याजवळच्या एका हायस्कूलच्या फाटकात मुलं मोजत होत्या. सात. नववीतल्या धनश्रीच्या हातात कादंबरी होती.

"मोठ्यानं हं," शितोळे म्हणाल्या, आणि सगळे उसाच्या वाटेला लागले.

शितोळे वरवंडहून स्कूटीनं येतात, मराठी शिकवतात. कुमारवयातल्या मुलांसाठीच्या कादंबऱ्या त्या वर्गाबरोबर वाचतात. नियम एकच: पुढचं पान आपणही आधी वाचायचं नाही. "शेवट सांगा की मॅडम," अशी गळ पोरं घालतात. "मला तरी कुठं ठाऊक?" हे त्यांचं उत्तर खरं असतं.

दिवाळीनंतर शिवारात बिबट्या फिरू लागला. एक वासरू गेलं. वस्तीवरच्या मुलांना सोडायला शितोळे स्वतः जाऊ लागल्या. उसातून आवाज करत चालायचं, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. कुणी मोबाइलवर गाणी लावतं. ही मुलं कादंबरी वाचत जातात. वस्तीवर धनश्रीची आजी तानुबाई ओट्यावर कान लावून बसते. नातीला शाळेत पाठवायची तिची अट होती, की आवाज घरापर्यंत ऐकू आला पाहिजे. नाहीतर शाळा बंद.

मंगळवारी अकरावं प्रकरण होतं. गोष्टीतली मुलगी बंद पडलेल्या गिरणीत शिरते आणि आत कुणीतरी असतं. धनश्रीचा आवाज आपोआप खाली आला. मुलं तिच्याभोवती गोळा झाली. सारखा बडबडणारा आयुषही गप्प झाला. वर्गात अशी शांतता मिळावी म्हणून शिक्षक वर्षानुवर्षं खपतात. सगळ्यात मागं चालणाऱ्या शितोळेही ऐकण्यात गुंतल्या होत्या.

"धनेऽ! आवाज का बसला?" वस्तीवरून हाक आली.

शितोळे भानावर आल्या. बांधावरचं कुत्रं रोज यांना पाहून भुंकायचं. आज तेही गप्प होतं.

"आयुष, एकोणीसचा पाढा!"

"येत न्हाई, मॅडम."

"चुकव. पण ओरड!"

पोरं चुकीचा पाढा ओरडत वस्तीवर पोचली. तानुबाई उभीच होती.

"गोष्टीपायी पोरगी घालवताय व्हय, मॅडम?"

"चूक माझी आहे, आजी."

धनश्रीचे वडील मच्छिंद्र शितोळ्यांना मोटारसायकलवर परत सोडायला निघाले. पाटाच्या ओल्या मातीपाशी त्यांनी गाडी थांबवली. हेडलाइटच्या उजेडात शितोळ्यांच्या सँडलचा ठसा होता. त्याच्या टाचेवर चार बोटांचा गोल पंजा उमटला होता.

"कुत्रं असेल," शितोळे म्हणाल्या.

"कुत्र्याची नखं उमटत्यात. हितं कुठं हायती?"

शितोळ्यांनी वाकून ठसा पुन्हा पाहिला. मग मच्छिंद्र हळू म्हणाले, "आईला सांगू नका. पोरीला पाठवायची न्हाई."

शितोळ्यांनी ठशाचा फोटो काढला, वनरक्षकाला पाठवला आणि गाडी वळवायला सांगितली. तानुबाईला त्यांनी फोटो दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

"तुमच्याच मागं हुता की," ती म्हणाली. "येईल पोरगी शाळंला. पन आणायला मी येते. गोष्ट न्हाई वाटंला."

वनखात्याचा पिंजरा शुक्रवारी येणार आहे. ऊसतोड जानेवारीत. उद्या बुधवार, बारावं प्रकरण वर्गात, दुपारच्या तासाला. पाच दहाला फाटकातून सात मुलं निघतील. पुढं तेलाचा रिकामा डबा बडवत तानुबाई, सगळ्यात मागं शितोळे.