आठ अंशांच्या खाली

आमचं कुताश कोणत्या साली वसलं याबद्दल दोन मतं आहेत, आणि ती मतं असणारी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. कारखाना आधी आला, हे मात्र दोघांनाही मान्य आहे. कुणा व्यापाऱ्याने नदीला बांध घातला, लोखंड ओतायला सुरुवात केली, आणि ओतणाऱ्यांना झोपायला जागा हवी म्हणून बाकीचं गाव झालं. युद्धाच्या काळात त्याला शहराचा दर्जा मिळाला. पुढे आमची नगरपालिका जिल्ह्यात विलीन झाली, आणि जिल्हा आणखी कशात तरी. मी सव्वीस वर्षं या कचेरीत आदेश टाईप करते आहे. दारावरची पाटी चार वेळा बदलली, टेबल तेच आहे.

या सगळ्या उलथापालथीत एकाच माणसाचा अधिकार कुणाला हलवता आला नाही. ती माझी शेजारीण, कापितोलिना येगोरोव्हना. आम्ही तिला कापा म्हणतो. ती तापमान मोजते.

नियम असा आहे, की सलग पाच दिवस सरासरी तापमान आठ अंशांच्या खाली राहिलं तरच कारखान्याच्या बॉयलरचं गरम पाणी घराघरांत खोल्या तापवणाऱ्या, भिंतीलगतच्या नळांत सोडायचं. चार दिवस खाली आणि पाचव्या दिवशी आठ पूर्णांक एक, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तोवर घरात कोट घालून बसायचं. एकेचाळीस वर्षं कापा दिवसातून चारदा धरणामागच्या कुंपणात जाऊन पांढऱ्या लाकडी पेटीतलं तापमान वाचते आहे आणि जे दिसेल ते लिहिते आहे. इतकी हट्टी बाई मी पाहिली नाही, आणि मी सरकारी नोकरीत आहे.

तिचा नवरा आव्हेनीर कारखान्यात होता. उणे पस्तीसच्या खाली गेलं की उघड्यावरचं काम बंद, असा तेव्हा नियम होता. एका जानेवारीत तिने उणे चौतीस पूर्णांक आठ लिहिलं. आव्हेनीर दिवसभर क्रेनवर राहिला आणि त्याच्या पायाची दोन बोटं गेली. "दोन दशांश," तो पाहुण्यांना सांगायचा, "प्रत्येक बोटामागे एक."

गेल्या वर्षी त्याच्या छातीने दगा दिला. ओतशाळेची धूळ चाळीस वर्षं आत बसली होती. हिवाळ्यात तो न्यूमोनियातून कसाबसा उठला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर मला बोलावू नका, पाद्रीबाबांना बोलवा." आणि सप्टेंबर लागला. त्यांच्या खोलीत तेरा अंश. विजेची शेगडी लावली की अख्ख्या जिन्याचा फ्यूज उडायचा. आव्हेनीर दोन रजयांखाली टोपी घालून पडून असायचा आणि खोकायचा. भिंतीपलीकडून मला प्रत्येक खोकला ऐकू यायचा.

चार दिवस तापमान आठच्या खाली राहिलं. पाचव्या दिवसाचा कागद घेऊन कापा कचेरीत आली. आठ पूर्णांक दोन.

आमचे प्रशासनप्रमुख गेर्मान ल्वोविच यांनी तिला खुर्ची दिली. ते खुर्ची क्वचितच देतात.

"कापितोलिना येगोरोव्हना, दोन दशांश म्हणजे असतं तरी किती हो?"

"दोन दशांश असतं."

"अख्खं गाव माझ्या नावाने बोटं मोडतंय."

"मग काढा आदेश. सही तुमचीच असते."

"नियम मोडून? वरचे माझं कातडं सोलतील."

"मग मला का मोडायला सांगता?"

गेर्मान ल्वोविचनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे काही नव्हतं.

दुकानात पावाच्या रांगेत विक्रेती तिला म्हणाली, "मावशी, पाव ताजा आहे, पण नियमाप्रमाणे पाच दिवस थांबावं लागेल." रांग हसली. मीही हसले, त्याची मला अजून लाज वाटते. घरी आव्हेनीरचं वेगळंच.

"अगं, मी काय पाच अंश मागतोय? दोन दशांश मागतोय."

"ते माझे नाहीत रे द्यायला."

"नवरा तर तुझा आहे ना?"

तिने त्याच्या छातीला चरबी चोळली, स्वतःची शाल त्याच्यावर घातली आणि बाहेर पडली. जिन्यात कठडा धरून ती रडताना मला दिसली. मग तिने घड्याळ पाहिलं, नाक पुसलं आणि धरणाकडे गेली, कारण नोंदीची वेळ झाली होती.

मोजणी पुन्हा सुरू झाली. चार दिवस खाली. पाचव्या दिवशी दुपारी चक्क ऊन पडलं, आणि मी मनातून आव्हेनीरला मातीही देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी कापाने कागद माझ्यासमोर ठेवला. चार नोंदी: सहा पूर्णांक दोन, दहा पूर्णांक नऊ, आठ पूर्णांक तीन, सहा पूर्णांक दोन. मी स्वतः बेरीज केली, चाराने भागलं. सात पूर्णांक नऊ. आदेश टाईप केला, सही झाली, आणि संध्याकाळपर्यंत नळ गुरगुरायला लागले.

मग लोक आभार मानायला आले.

विक्रेतीने डोळा मारला. "मावशी, मन मोठं आहे हो तुमचं."

"सात पूर्णांक नऊच होतं."

"हो हो, नऊच."

दारात मुरवलेल्या अळंबीच्या बरण्या जमल्या. गेर्मान ल्वोविच तिचा हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "शेवटी माणुसकी महत्त्वाची." कापा पांढरीफटक पडून माझ्या टेबलाशी आली. "बेरीज तू केलीस ना? मग सांग ना त्यांना." मी सांगितलं. लोकांनी मलाही डोळा मारला. एकेचाळीस वर्षं खरं लिहिलं तेव्हा या बाईला कुणी एक बरणी दिली नव्हती.

रविवारी मी कोबीचं सारण भरलेला पाव घेऊन त्यांच्याकडे गेले. खोली ऊबदार होती. आव्हेनीर नळाला पाठ लावून बसला होता, टोपी काढून. त्याने कापाचा हात धरला.

"मला वाटायचं, मी मेलो तरी तू कमी आकडा लिहायची नाहीस," तो म्हणाला. "लिहिलंस गं. माझ्यासाठी." आणि त्याचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, बोटं गेली तेव्हाही रडला नाही म्हणतात.

मी बेरजेचं सांगायला तोंड उघडलं. कापाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात पावाचा तुकडा कोंबला.

ती त्याची कॉलर नीट करत बसली. बराच वेळ करत होती.

"हो," ती म्हणाली, "तुझ्यासाठीच लिहिलं."

तिचा आवाज अडखळला, सवय नव्हती खोटं बोलायची. आव्हेनीरला ते प्रेम वाटलं, आणि त्यात त्याची काही चूक झाली असं मी म्हणणार नाही.