खणखणीत की बद्द

आमच्या जुन्या रेल्वेत वाफेची चार इंजिनं आहेत, अकरा लाकडी डबे आहेत, एक मालाची वाघीण आहे, आणि या सगळ्यांपुढे पितळी पाट्या आहेत. कधी बांधलं, किती धावलं, कधी थांबलं, सगळं लिहिलेलं. टणटणमामांपुढे पाटी नाही. लोक त्यांचा फोटो काढतात आणि पुढे जातात. मला याचा राग येतो, म्हणून हे लिहायला बसले. मी काही लिहिणारी बाई नाही, डब्यांतल्या बाकांच्या गाद्या शिवते. काथ्या भरायचा, चामडं ताणायचं, खिळे ठोकायचे. शेडमध्ये मला सगळे दाभण म्हणतात. ते माझ्या हातातल्या दाभणामुळे की तोंडामुळे, हे मी कधी विचारलेलं नाही.

मामांचं काम सांगायला सोपं आहे. गाडी सुटायच्या आधी लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेनं चालायचं आणि प्रत्येक चाकाला एक टोला द्यायचा. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं. त्यात बारीकशी चीर असेल, डोळ्याला न दिसणारी, तर बद्द वाजतं. मडकं घेताना आपण बोटानं वाजवून बघतो, तसंच. खऱ्या रेल्वेत त्यांनी हे चौतीस वर्षं केलं. मग चाकं तपासायचं यंत्र आलं आणि मामांना घरी बसवलं. "कानामागून आलं नि तिखट झालं," एवढंच ते यंत्राबद्दल म्हणायचे. आमची जुनी गाडी पाहुण्यांना फिरवायला सुरू झाली तेव्हा आमच्या साहेबांनी त्यांना हुडकून आणलं. दर रविवारी पाच डबे, चाळीस चाकं.

आता खरं ते लिहिते. आमचीही चाकं महिन्यातून एकदा यंत्रच तपासतं, त्याचा कागद साहेबांच्या कपाटात असतो. मामांची हातोडी ही शोभेची होती. हे सगळ्यांना माहीत होतं. मामांनाही असणार, पण त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. चाळीसावं चाक वाजवून मामा हात वर करत नाहीत तोवर गार्ड शिट्टी फुंकत नसे. एकदा एका पाहुण्यानं विचारलं, "काका, एखादं चाक राहिलं तर?" मामा म्हणाले, "तर त्या चाकावर तुम्ही बसा."

त्यांचं घर यार्डाच्या भिंतीपलीकडेच, रेल्वेच्या जुन्या चाळीत. मामी होत्या तेव्हा त्यांना स्वयंपाकघरात ठोके ऐकू जायचे. त्या मला सांगायच्या, "अगं, मी घड्याळाला कधी विचारलंच नाही. शेवटच्या डब्याचे ठोके जवळ आले की चहाचं पाणी ठेवायचं. हे दारात, नि चहा कपात." मामी जाऊन पाच वर्षं झाली. त्यानंतरही शेवटचं चाक वाजवलं की मामा एकदा भिंतीकडे बघायचे. शेडमध्ये आम्ही एकमेकांची कशावरूनही टिंगल करतो, पण त्यावरून कधी कुणी केली नाही. मीसुद्धा नाही.

गेल्या वर्षी आमचा जुना ड्रायव्हर निवृत्त झाला आणि नवा आला. मोठ्या रेल्वेतला, विजेच्या गाड्यांवरचा. सदऱ्याला कडक इस्त्री, खिशात नियमांचं छोटं पुस्तक. त्याच्या पहिल्या रविवारी मी तिसऱ्या डब्यात बाकाखाली आडवी होते, तोंडात सहा खिळे. खालून मामांचा टोला आला, ठक. पुढचा आला, तोही ठक. मला जरा चमत्कारिक वाटलं. पण बाकाची स्प्रिंग नेमकी तेव्हाच तळहातात घुसली, आणि मी कानाडोळा केला. उठून खिडकीतून पाहिलं तर मामा एकाच चाकाला पुन्हा पुन्हा टोले देत होते. मग उरलेली चाकं वाजवून ते पुन्हा पहिल्या डब्याकडे गेले, तिथे एक टोला दिला, आणि बराच वेळ हातोडीकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी हात वर केला. गाडी सुटली. त्यांनी हातोडी फडक्यानं पुसली, साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "गुडघा साथ देत नाही. आता पुरे."

गुडघ्याचं निमित्त मला पटलं नाही. आदल्याच आठवड्यात हा माणूस शेडच्या छपरावर चढून गळती शोधत होता. दोनदा विचारलं, तर दोन्ही वेळा गुडघा चोळून दाखवला, आणि तोही वेगवेगळा. साहेबांनी मात्र ताबडतोब एक काचेची पेटी करवून घेतली. आत हातोडी, खाली पाटी. आमच्याकडे जे काही थांबतं त्याला काच लावतात.

तीन रविवार असेच गेले. मला करमेना. चौथ्या रविवारी सकाळी डबे एकटेच उभे होते, चाकांखाली लाकडी पाचरी, इंजिन अजून लागलं नव्हतं. माझ्या हातात खिळ्यांची हातोडी होती. काय वाटलं कोण जाणे, मी जाता जाता एका चाकाला टोला दिला. काय वाजलं म्हणून सांगू! अर्ध्या तासानं इंजिन लागलं, लोक चढायला लागले, तेव्हा त्याच चाकाला पुन्हा टोला दिला. ठक. मी वाकून पाहिलं. ब्रेकचे ठोकळे चाकाला गच्च आवळलेले होते. हाताच्या मुठीत धरलेली घंटा कशी वाजणार?

मी तशीच इंजिनापाशी गेले. "ब्रेक कुणी लावला?"

"मीच," नवा ड्रायव्हर म्हणाला. "लोक चढत असताना गाडीला ब्रेक हवा. नियम आहे, बाई."

"त्या रविवारी मामा चाकं वाजवत होते तेव्हाही होता?"

"होता की. का?"

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचारा एवढंच म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही." ते खरं होतं. मामा हातोडी घेऊन उतरले की पाचरी लावून ब्रेक सोडायचा, हे जुना ड्रायव्हर आपणहून करायचा, आमच्यात कुणी कधी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. आणि त्या दिवशी बद्द आवाज मीही ऐकला होता. माझं तोंड एरवी मिटत नाही, नेमकं तेव्हाच त्यात खिळे होते.

संध्याकाळी मामांकडे गेले. दोन खोल्या, भांडी घासून पालथी घातलेली, खिडकीशी मामींचं स्टूल. मामा त्याच स्टुलावर बसले होते.

"मामा, ब्रेक लावलेला होता!" मी दारातूनच ओरडले.

"कुठल्या गाडीला?"

"आपल्या! त्या रविवारी! त्या नव्या शहाण्यानं लावलेला. चाकं वाजणार कशी? तुमच्या कानाला काही झालेलं नाही."

मामा हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही. "कान नाही गं," ते म्हणाले. "कान जाऊन दोन वर्षं झाली."

मी आत येऊन त्यांच्यासमोर बसले.

"डॉक्टर म्हणाले, जाड आवाज येतील, बारीक जातील. तुझं ओरडणं येतं. ते काय, पलीकडच्या स्टेशनातही येत असेल. चाकाचा टोला पण येतो. पण टोल्यामागून तो नाद निघतो ना, बारीक, लांबत जाणारा, तो येत नाही. ठक, आणि पुढे काहीच नाही."

"मग दोन वर्षं हात कशाच्या जोरावर वर करत होतात?"

"हाताच्याच." त्यांनी उजवा कोपर पुढे केला. "चाक धड असलं की दांड्यातून झिणझिण्या येतात. पार इथपर्यंत. चीर असली की मनगटातच मरतात. त्या दिवशी एकाही चाकाची झिणझिणी आली नाही. चाळीसच्या चाळीस चाकं कशी तडकतील? म्हटलं, उगाच नाचता येईना अंगण वाकडं करण्यात अर्थ नाही. कान गेला होता, आता हातही गेला."

"अहो, पण वाकून ठोकळे तरी बघायचे!"

"कधी बघावेच लागले नाहीत. आणि खरं सांगू? हे कधीतरी उघडं पडणार म्हणून मी धास्तावूनच होतो. चोराच्या मनात चांदणं. ते झालं, तेव्हा दुसरी शंकाच आली नाही."

मला संताप आला. दोन वर्षं माझ्यासमोर बसून चहा प्यायले आणि एका शब्दानं बोलले नाहीत. "आम्हाला सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही? काचेत ठेवलं असतं."

हातोडी तर काचेत होतीच.

"उद्या साहेबांना खरं काय ते सांगा," शेवटी मी म्हटलं. "हात शाबूत आहे तुमचा. रविवारी चला."

ते खिडकीबाहेर बघत होते. भिंत, भिंतीवरून दिसणारी डब्यांची छपरं. "मी तिकडे वाजवायचो, ती इथे ऐकायची," ते म्हणाले. "ती गेली तेव्हा वाटलं, निदान आवाज तरी आहे. तिनं ऐकला तोच मी ऐकतो. मग तोही गेला. तिची आठवण येते गं मला, पण ती गेली हे मी समजून घेतलंय. हा आवाज नाही समजून घेता येत. चाक वाजतंय, माझ्याच हातानं वाजतंय, सगळ्या जगाला ऐकू येतंय. मला तो एकदा हवाय, दाभण. बाकी काही नको."

असं कुणी बोललं की मला काय करावं ते कळत नाही. मी उठून चहा टाकला. चहा पिताना तेच म्हणाले, "येतो. पण तू बरोबर चालायचं. हात माझा, कान तुझा. दोन्ही जुळले तरच मी हात वर करणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब माणूस चांगला आहे, पण चांगली माणसं कधी कधी फार वाईट बोलतात. "अहो मामा, त्यात काय एवढं! यंत्र बघतंच की सगळं. तुम्ही बिनधास्त ठोका." मामांचा चेहरा पडला. मी साहेबांकडे असं पाहिलं की त्यांनी घाईघाईनं पेटीची किल्ली शोधायला घेतली.

रविवारी आम्ही फलाटावरून खाली उतरलो. नवा ड्रायव्हर इंजिनातून उतरून स्वतः आला, टोपी हातात. "मामा, पाचरी लावल्यात, ब्रेक सोडलाय. तुम्ही हात वर करेपर्यंत लावणार नाही." मामांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. तरी मी वाकून ठोकळे पाहिलेच.

पहिल्या चाकाला टोला बसला. आवाज शेडच्या पत्र्यापर्यंत जाऊन परत आला. मामांनी डोळे मिटून घेतले. "आलं," ते म्हणाले. "कोपरापर्यंत आलं."

"वाजलं," मी म्हटलं.

दुसरं चाक. आलं. वाजलं. तिसरं. आलं. वाजलं. असे आम्ही एका बाजूनं गेलो, दुसऱ्या बाजूनं परतलो. खिडक्यांतून लोक बघत होते, त्यांना वाटलं हा तिकिटातलाच कार्यक्रम आहे. मामांची पावलं पूर्वीसारखी पडत होती, हातोडी आपल्या वजनानं झुलत होती. मला वाटलं, झालं, जमलं, माझ्या हातून एक काम तरी नीट झालं.

चाळीसावं चाक. "आलं." "वाजलं." गार्डानं शिट्टी ओठांशी नेली. मामांनी हात वर केला नाही.

"कसं वाजलं?" त्यांनी विचारलं.

"कसं म्हणजे? खणखणीत."

"ते माझ्या हातानं सांगितलं. तू कसं ते सांग."

मला सांगता येईना. मी गादी कशी भरायची ते सांगू शकते, आवाज कसा सांगतात? मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं त्यांनी सोडून दिलं होतं. मग माझं मलाच कळलं नाही, मी तोंड उघडलं आणि तो आवाज काढला. "ठण्ण्ण..." माझा गळा म्हणजे घोगरा, जाड, जुन्या दाराचा. शेडमध्ये मी गुणगुणायला लागले की लोक हात जोडतात. खिडक्यांतली मंडळी हसली. पण जाड आवाज मामांना येतात.

ते एक पाऊल जवळ आले. "एवढ्यात नाही संपत तो," ते म्हणाले. "लांब असतो."

मी श्वास घेतला आणि पुन्हा काढला, लांब.

"अजून."

हसणं थांबलं होतं. मी छाती भरून घेतली, डोळे मिटले आणि पुरेल तेवढा ओढला, फासळ्या दुखेपर्यंत, शेवटी नुसती हवा उरेपर्यंत. मग दम संपला. डोळे उघडले तर गार्डाची शिट्टी ओठांशीच होती, हातोडी रुळाशेजारी खडीत पडलेली होती, आणि मी गप्प झाले होते तरी मामा माझ्याकडे मान कलती करून ऐकतच उभे होते.