मामांचं मोठं कार्ड

अर्जदार पुरुष, वय एकोणपन्नास, विवाहित, अवलंबून असलेल्या व्यक्ती दोन. कृत्रिम दातांच्या लॅबमध्ये कायम नोकरी. आजवर एकही हप्ता चुकल्याची नोंद नाही. अर्जदाराच्या क्रेडिट कार्डावर सध्या तीन फ्रिज, दोन वॉशिंग मशीन, एक मोठा टीव्ही आणि गादीसकट एक पलंग यांचे हप्ते चालू. शेरा : राहणीमान उत्पन्नाच्या मानाने चैनीचे.

शेरा लिहिणाऱ्याने अर्जदाराला पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी हाच शेरा लिहिला असता, कारण शेरे माणूस बघून लिहीत नसतात.

या चैनी गृहस्थांना सगळे मामा म्हणतात. मामा दात करतात. डॉक्टर पेशंटच्या तोंडातलं माप पाठवतात, प्लास्टरवाला त्यावरून जबड्याचा साचा ओततो, मामा त्यावर पोर्सेलीनचा दात घडवून भट्टीत भाजतात आणि पॉलिशवाली त्याला चमक देते. मामांचं नाव आहे ते रंगासाठी. शेजारच्या दाताला चहाचा डाग असेल, तर नव्या दातालाही ते सुईच्या टोकाएवढा डाग देतात. फार स्वच्छ दात खोटा दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

लॅबमध्ये बँकेत पगार जमा होतो तो एकट्या मामांचा. बाकीच्यांना पाकीट मिळतं, आणि पाकीटवाला माणूस बँकेच्या लेखी कमावतच नाही. त्यामुळे पॉलिशवालीला फ्रिज घ्यायचा होता तेव्हा ती मामांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मामा, दुकानदार म्हणतो कार्ड असेल तर बिनव्याजी हप्ते. माझ्याकडे कार्ड आहे, पण वाचनालयाचं."

"तेच दाखव की," प्लास्टरवाला म्हणाला. "सांग, पुस्तकं वेळेवर परत करते."

मामांनी आपलं मोठं कार्ड दिलं. छोटं घरचं होतं, त्याला हात लावायचा नाही असा घरचा हुकूम होता. पुढे प्लास्टरवाल्याचा फ्रिज झाला, माल पोचवणाऱ्याचा टीव्ही झाला, आणि मोठं कार्ड लॅबचंच झालं. कृत्रिम दातांचा एक रिकामा पत्र्याचा डबा फळीवर असे. पगाराच्या दिवशी पाकीट फोडलं की पहिल्या नोटा डब्यात, उरलेल्या घरी. प्लास्टरवाल्याचे वडील गेले त्या महिन्यातसुद्धा त्याने आधी डबा उघडला आणि मग डोळे पुसले. असा चोख व्यवहार बँकांनासुद्धा जमत नाही. फक्त तो बँकेला दिसत नव्हता.

एके दिवशी मालकांनी मामांना आत बोलावलं. मालकांना सगळे सर म्हणत.

"माझ्या डोळ्यांना आता रंग कळत नाहीत. जागा, भट्ट्या, गिऱ्हाईक, सगळं तू घे. दुसरा एक जण मागतोय. त्याच्याकडे मशीन आहे, आपोआप दात कोरून काढतं. त्याला जागा हवीय, माणसं नकोत. दोन महिने त्याला थोपवतो. त्यापुढे मला जमणार नाही."

मामा बाहेर आले तेव्हा प्लास्टरवाल्याने विचारलं, "काय झालं? वाढवला का पगार?" मामांनी खरं ते सांगितलं. त्या दिवशी साचे ओतताना कोणी विनोद केला नाही.

बँकेतली मॅडम मामांच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने कर्जाचा अर्ज नीट वाचला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुमचा निम्म्याहून जास्त पगार हप्त्यांत जातोय. नवा हप्ता बसवायचा कुठे?"

"ते फ्रिज माझे नाहीत, मॅडम."

"कार्ड कोणाचं?"

"माझं."

"मग फ्रिजही तुमचेच."

"पण पैसे ती माणसं भरतात. एकदाही चुकली नाहीत."

"मला ती माणसं दिसत नाहीत ना, काका. मला तुम्हीच दिसता." मग तिला वाईट वाटलं असावं. "तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे. हे हप्ते एकदम फेडून टाका, कार्ड रिकामं करा. ते नोंदीत यायला महिनाभर जातो. मग या."

छोट्या कार्डावर मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी होती. त्याबद्दल मॅडम काही बोलली नाही. तेव्हा बोलण्यासारखं नव्हतंही.

लॅबने हप्ते फेडले. कसे, ते सांगायला हवं. पॉलिशवालीने तिचं वॉशिंग मशीन दुकानदाराला निम्म्या किमतीत परत दिलं; "हात अजून जागेवर आहेत," एवढंच म्हणाली. प्लास्टरवाल्याने मोटारसायकल विकली आणि चालण्याचे फायदे सांगू लागला. माल पोचवणाऱ्याला सासऱ्याने पैसे दिले आणि त्या बदल्यात आयुष्यभर ऐकवायचा हक्क मिळवला. डबा भरला, कार्डावरची बाकी शून्यावर आली.

इथे मामांच्या मेहुण्याचा प्रवेश होतो. मेहुणा विमा विकतो, आणि जे विकत नाही त्याबद्दलही सल्ला देतो.

"भावजी, नुसतं रिकामं करून काय उपयोग? बँक म्हणणार, हा गडी उद्या पुन्हा उधळेल. कार्ड बंदच करून टाका. दिसू दे त्यांना, माणूस सुधारला."

मामी ओट्याशी सकाळचं दूध दुसऱ्यांदा तापवत होत्या. त्यांनी मान न वळवता विचारलं, "मॅडमनी बंद करा म्हणून सांगितलंय का?"

"रिकामं करा म्हणाल्या," मामा म्हणाले.

"मग रिकामंच ठेवा की."

"ताई, तुला यातलं कळत नाही," मेहुणा म्हणाला. यातलं कोणाला कळत होतं हे ठरायला महिना लागला.

मामांनी बँकेला पत्र देऊन कार्ड बंद केलं. मग लॅबमध्ये, धातू कापायच्या चकतीवर, सगळ्यांच्या देखत त्याचे दोन तुकडे केले. टाळ्या झाल्या, चहा झाला. पॉलिशवाली म्हणाली, "आता मामा नाही म्हणायचं, मालक म्हणायचं." मामा लाजले. इतकी स्वच्छ नोंद आपण कधी पाहिली नाही, असं त्यांना वाटलं.

महिन्याने मॅडमने स्क्रीन उघडली आणि वरखाली करून पुन्हा पाहिली.

"काका, मोठं कार्ड कुठे गेलं?"

"बंद केलं," मामा अभिमानाने म्हणाले.

"का?"

"माणूस सुधारला, हे दिसावं म्हणून."

"मी रिकामं करा म्हटलं होतं," मॅडम म्हणाली. "दोन्ही कार्डं मिळून तुमची मर्यादा होती तीन लाख साठ हजारांची. त्यातले पन्नास हजार वापरलेले दिसले असते, कोणाच्या डोळ्यांवर आले नसते. आता उरलं एकट्या छोट्याचं साठ हजार, आणि त्यातले पन्नास वापरलेत. सिस्टिमला वाटतं, माणूस गळ्यापर्यंत बुडालाय. स्कोअर आमच्या रेषेखाली गेलाय."

"पण देणं तेवढंच आहे."

"देणं तेवढंच आहे. जागा गेली."

मामा स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "शेजारचा दात काढला मी."

"काय?"

"एक काढला की चावायचा सगळा जोर उरलेल्यावर येतो. मग तोही हलायला लागतो. हे मला माहीत होतं, मॅडम."

"नवीन कार्ड काढलं तर?" हे त्यांनी उठताना विचारलं.

"आत्ता कोणी देणार नाही. आणि मागत फिरलात तर प्रत्येक चौकशीची वेगळी नोंद होते. छोटं कार्ड फेडत राहा आणि सहा महिन्यांनी या, काका."

सर सहा महिने थांबू शकत नव्हते. ते तसं म्हणालेच होते.

मशीन आलं. कपाटाएवढं आहे, आवाज फारसा करत नाही. प्लास्टरवाला आणि माल पोचवणारा पहिल्याच महिन्यात गेले. पॉलिशवालीला अर्धा दिवस काम मिळतं. मामांना ठेवलं आहे, कारण मशीनला अजून चहाचा डाग देता येत नाही. त्यांना कोणी एका शब्दाने बोललं नाही. प्लास्टरवाला जाताना त्यांच्या खुर्चीचं हललेलं चाकसुद्धा घट्ट करून गेला. मामांना तेच सगळ्यात जड जातं. डबा अजून फळीवर आहे. पगाराच्या दिवशी पाकीट फोडलं की पॉलिशवालीचा हात सवयीने तिकडे जातो आणि परत येतो.

बँकेच्या फायलीत दुसऱ्या अर्जावरचा शेरा जरा सौम्य आहे : चैनीच्या वस्तूंचे हप्ते बंद, अर्जदाराने राहणीमान आटोक्यात आणल्याचे दिसते.

मामांच्या घरी दूध अजूनही दोनदा तापवतात. फ्रिज त्यांच्याकडे कधीच नव्हता.