ड्रिल देव्हाऱ्यात, आबा न्हाणीत

खंडेनवमीला आमच्या कन्हेरीच्या घरात हत्यारं पूजेला बसतात आणि दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पहार आणि लोकर कातरायची सासऱ्यांची मोठी कातर. मेंढरं विकून जमाना झाला, पण कातर दरवर्षी पूजेत असते.

नव्वदचं दशक संपत आलेलं असताना त्या रांगेत एक नवं हत्यार आलं. माझे धाकटे दीर लोणी देवकरला एका कारखान्यात फिटर होते. आखातातून परतलेल्या मित्राकडून त्यांनी बॅटरीवर चालणारं ड्रिल घेतलं होतं. बिट धरणाऱ्या त्याच्या चकाला किल्ली लागत नसे. पुढची रिंग मागे ओढायची, बिट आत सारायचं, रिंग सोडायची की ती पुढे येई. ‘टक’ असा आवाज आला की बिट बसलं. मग एकदा ओढून खात्री करायची. इंदापूरच्या आमच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातली गोल दांडीची बिटं त्याला चालत नसत, सहा बाजूंच्या दांडीचीच लागत. ती मी घरी वेगळ्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी डकवली होती. वस्तू जागच्या जागी असल्या की माझं डोकं शांत राहतं. सासूबाईंच्या मते ही माझी खोड होती.

पूजेला सासूबाईंनी ड्रिल उलटंपालटं करून पाहिलं.

“ह्याचं तोंड कुठलं रं?”

दिरांनी चक दाखवला. हळदीकुंकू हत्याराच्या तोंडाला लावायचं, ते जिथून काम करतं तिथं, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी ओली हळद आणि कुंकू चकाला सढळ हातानं लावलं, वर अक्षता वाहिल्या आणि दोरा गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी दसरा. माझे यजमान दुकानाच्या पूजेसाठी इंदापूरलाच होते. सकाळी लाईट गेली. आबा, म्हणजे माझे सासरे, न्हाणीघरात शिरले. आदल्या हिवाळ्यात गार वारं लागतं म्हणून त्यांनी स्वतःच वरचा झरोका विटा लावून बुजवला होता. पाण्याचा तांब्याचा बंब आतच पेटलेला असे. दार आमच्याच दुकानात बनवलेलं, जाड पत्र्याचं, बाहेर उघडणारं, आणि फट झाकायला कडेनं पट्टी वेल्ड केलेली. सणाच्या तोंडावर मी दाराला रंग लावून घेतला होता. रंगाऱ्यानं आतली सरकती कडीही रंगवून टाकली होती, आणि तो रंग अजून चिकट होता.

थोड्या वेळानं आतून ठोकल्याचा आवाज यायला लागला.

“कडी सरकंना झालीय,” आबा आतून म्हणाले. “पायाच्या वजरीनं ठोकली, तर वाकली भाड्याची.”

दिरांनी बाहेरून दार ओढलं. हललं नाही.

“घाई करू नगा,” आबा हसले. “थोरल्यानं दार करताना सांगितलं व्हतं, चोराच्या बापालाबी उघडायचं न्हाय. आता चोराचा बाप कोण ते कळलं.”

मग ते खोकले. तो खोकला ऐकून मला बंब आठवला.

“आबा, बंबात जाळ आहे का?”

“हाय की. धूरबी हाय.”

“बादलीभर पाणी ओता त्यावर.”

पाणी ओतल्याचा आवाज आला, मग मोठा फुत्कार. आबा पुन्हा खोकायला लागले आणि आता थांबेनात. ओली लाकडं जास्तच धुमसायला लागली होती. दाराखालच्या फटीतून धुराची पातळ रेघ बाहेर आली.

“आबा, खाली बसा. मोरीच्या भोकाला तोंड लावा,” मी ओरडले. उत्तर आलं, पण शब्द कळले नाहीत.

दीर धावत जाऊन पूजेतली पहारच घेऊन आले. पट्टीमुळे पहार घुसायला फटच नव्हती. पत्रा नुसता दणदणला. लाईट असती तर साधं ड्रिल चाललं असतं, पण तेही इंदापुरात होतं. मी दारावरून हात फिरवला. आतल्या कडीची प्लेट चार रिव्हेटांवर बसवली होती आणि त्यांची डोकी बाहेरून हाताला लागत होती. ती पोखरली की कडी आत गळून पडणार.

“भावजी, तुमचं ड्रिल.”

ते देव्हाऱ्यापर्यंत गेले आणि थबकले. पहार उचलताना त्यांना भान नव्हतं, आता समोर सासूबाई उभ्या होत्या. आयुष्यभर ही रीत त्यांनीच पाळली होती आणि आम्हाला पाळायला लावली होती. त्यांनी एकदा न्हाणीघराकडे पाहिलं, ड्रिल उचललं, दोरा तोडला आणि ते दिरांच्या हातात कोंबलं.

“बघत काय ऱ्हायलास? देवाचं मी बघते. तू त्यास्नी बघ.”

मी डब्यातून बिट काढून दिलं. दिरांनी ते चकात सारलं. ‘टक’ झालं नाही. घाईत त्यांनी ते ओढूनही पाहिलं नाही. पहिलं रिव्हेट चांगलं पोखरलं गेलं. पण ड्रिल मागे घेतलं तेव्हा ते मोकळंच हातात आलं आणि बिट भोकात रुतून राहिलं. दिरांनी ते बोटांनी धरलं आणि चटका बसून ओरडले. मी पक्कड दिली. बिट निघालं, पण आता चकात जाईचना.

“आबा!” मी हाक मारली. नुसता खोकला आला.

“आई, त्यांना बोलतं ठेवा.”

सासूबाई दाराला टेकल्या. “आवं, ऐकताय का? ती माझी काळी मेंढी तुमी मला न इचारता इकली. का इकली?”

बऱ्याच वेळानं आतून आलं, “म्हातारी... झाली व्हती.”

“मीबी म्हातारी झाले. मलाबी इकणार व्हय?”

सासूबाई तोच प्रश्न पुन्हा विचारत राहिल्या. आवाज भांडणाचाच होता, आणि दर प्रश्नाला त्यांची मूठ दारावर आदळत होती.

मी ड्रिल दिरांकडून ओढून घेतलं. ते नुसतं बिट ढकलत होते, पण आणखी ढकलून काही होणार नव्हतं. उजेडात धरल्यावर दिसलं. रिंगेच्या कडेनं हळद वाळून सिमेंटसारखी बसली होती आणि चकाच्या भोकात एक अक्षत अडकली होती. रिंग पुढे येतच नव्हती, मग बिट धरणार कोण? शिलाई मशिनच्या खणात तेलाची कुपी असते आणि तिच्या शेजारी दाभण. दोन्ही जागेवर होती. दाभणानं तांदूळ कोरून काढला, रिंगेत तेल सोडलं, पुढेमागे केली. अंगठ्याला पिवळा चिखल लागला. आणखी तेल. रिंग एकदम सुटली आणि पुढे उडी मारून बसली.

बिट आत सारलं. टक. मी ओढून पाहिलं, निघालं नाही.

“आता मारा.”

दुसरं रिव्हेट गेलं. तिसरं गेलं. चौथ्याला ड्रिलचा आवाज जड व्हायला लागला. बॅटरी उतरत होती, आणि लाईट नसल्यामुळे ती चार्ज होणार नव्हती. दिरांनी अंगाचा सगळा भार टाकला. बिट गरगरलं, मंदावलं आणि थांबलं. रिव्हेट अर्धवट राहिलं होतं.

“छिन्नी,” मी म्हणाले आणि तीही पुढे केली. दिरांनी घण घातला. एक घाव वाया गेला, पुढच्या घावाला डोकं उडालं आणि आत फरशीवर काहीतरी खणकन पडलं.

दार उघडताच धुराचा लोट आमच्या तोंडावर आला. आबा मोरीपाशी पालथे होते, ओलं धोतर तोंडाशी धरून. आम्ही त्यांना ओढून अंगणात आणलं. ओठ निळसर झाले होते. सासूबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला. मी त्यांच्या छातीकडे बघत होते. ती वर आली, थांबली, मग पुन्हा वर आली. नंतर ते भडभडून ओकले आणि त्यांनी डोळे उघडले.

“तुला,” ते सासूबाईंना म्हणाले, “कोण इकत घ्यायला तयार हुईल?”

सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली आणि मग तोंडात पदर धरून रडायला लागल्या.

दिरांनी आबांना गावातल्या एका जीपमध्ये घालून बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्याच संध्याकाळी आबा परत आले, आणि सोनं वाटायला पाटावर बसले. झरोक्याच्या विटा मी दुसऱ्या दिवशी काढून घेतल्या. बंब अंगणात गेला. न्हाणीला नवी कडी बसली, पण ती लावायला आबा तयार होईनात. ते आत असले की दारावर पंचा टाकत.

पुढच्या खंडेनवमीला हत्यारं मांडताना सासूबाईंनी ड्रिल हातात घेतलं आणि मला म्हणाल्या, “एक बिट दे.” मी दिलं. त्यांनी रिंग ओढली, बिट सारलं, आवाज ऐकला आणि दोन बोटांनी ओढून पाहिलं. मग बिट काढून मला परत दिलं, आणि हळदीकुंकवाचं बोट चकापासून लांब, मुठीच्या बुडाला टेकवलं.

“ह्याचं तोंड हितं,” त्या म्हणाल्या.